आईला आलेलं बोलावणं

रविवार संध्याकाळ, कसबा बावडा

१. आई आणि मी दोन दिवस रत्नागिरीजवळ, समुद्राकाठच्या शबानाखालांच्या घरगुती निवासात राहिलो. तिथं सगळेच त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणतात.
२. आईनं ज्वारीचं पीठ सोबत नेलं होतं. काल तिनं त्यांच्या चुलीवर भाकऱ्या थापल्या. सगळे पाहुणे त्यावर तुटून पडले.
३. आज निघताना खाला म्हणाल्या, "ताई, दिवाळीपासून हंगामभर स्वयंपाक तुम्हीच सांभाळा. पगार, खोली, सगळं देते."

आई म्हणाली, "घरात पोरगी एकटी हाय की."
"इंजिनियर आहे ना ती? भात तरी येत असेल."
"पूल बांधती. भाताचं इचारू नका."

आणि आई मोठ्यानं हसली. बाबा गेल्यापासून तिचं असं हसणं ऐकलं नव्हतं. परतताना मात्र मलकापूरपर्यंत तिचं एकच, "तू एकटी काय खाशील?" तिला खरंच माझी काळजी वाटते, की नव्या कामाची धास्ती? दोन्ही असेल. पण ते हसणं... तिथं तिला करमेल, एवढं नक्की.

समोर बसून हे बोलणं मला जमत नाही. म्हणून शेजारच्या खोलीत असलेल्या तिला आत्ताच मेसेज पाठवला:

"आई, तू जावंस असं मला वाटतं. इथलं मी बघेन, सुट्टीला तुझ्याकडे येईन. खालांना शुक्रवारी कळवायचं आहे. तुझं उत्तर मला गुरुवारपर्यंत सांग."