चौथ्या गाण्यातला श्वास

३ फेब्रुवारी

लेकीचा अल्बम निघाला! डेथ मेटल म्हणतात त्याला. सकाळी माझ्या चष्म्याखाली सीडी ठेवून गेली. "वेळ मिळाला तर ऐक. नाही मिळाला तरी चालेल." म्हणजे ऐकच.

मुखपृष्ठ काळं, त्यावर आणखी काळं काहीतरी. अक्षरं काटेरी झुडपासारखी — बँडचं नाव वाचायला भिंग लागेल. अल्बमचं नाव 'गाळ'. वा! चार वर्षं खपून नाव काय, तर गाळ.

भाजी चिरता चिरता पहिली दोन गाणी ऐकली. कुणी विहिरीतून लोखंडी कपाट ओढून काढतंय असं वाटलं. गाणारा पोरगा चष्म्याच्या दुकानात कामाला. घरी येतो तेव्हा "काकू, पाणी मिळेल?" एवढंही धड ऐकू येत नाही. आणि इथे जमिनीखालून डरकाळ्या! शब्द एक कळेल तर शपथ.

पण खोटं कशाला लिहू — काम कच्चं नाही. दोन गिटारी, त्यातली एक हिची, मुद्दाम केसभर वेगळ्या लावल्यात. सूर एकमेकांना घासतात आणि मध्ये एक थरथर उभी राहते. टोचतं, पण टोचायचं तिथेच टोचतं. माझा जन्म लोकांचे कान तपासण्यात गेला, एवढं कळतं मला. रात्री जेवताना म्हटलं, "शिस्त आहे." तिने ताटातून मान वर काढली नाही. कानाच्या पाळ्या मात्र लाल!

५ फेब्रुवारी

दवाखान्यात दुपारचा पेशंट यायला उशीर होता. चाचणीच्या काचेच्या बंद खोलीत बसले, चांगले हेडफोन लावले. म्हटलं उरलेलं नीट ऐकू.

चौथं गाणं लांबलचक. आधी ड्रम थांबतात. मग गिटारी एकेक विझतात. धुक्यासारखी एक घुमघुम राहते, तीही विरते. मग ऑक्सिजनच्या मशीनची घरघर. आणि श्वास.

ह्यांचा श्वास.

आत. थांबणं. बारीकशी शीळ. मग बाहेर. आजारपणाचं अख्खं वर्ष मी त्या थांबण्याला टांगलेली असायचे — पुढचा येतोय की नाही! हे जाऊन आठ महिने होतील. आणि मी काचेच्या खोलीत बसून पुन्हा पुढच्याची वाट बघतेय.

काचेवर टकटक. "बाई, मी बसू आत, की तुमचंच चाललंय?" आजोबांना बसवलं. तपासलं. डावा कान बराच गेलाय. सुनेला वाटतं नाटक करतात. तिला बोलावून चांगलं सुनावलं. तिचा काही दोष नव्हता एवढं सुनावण्याइतका.

६ फेब्रुवारी

दूध उतू गेलं. बोलले नाही.

७ फेब्रुवारी

बोलले.

ती विम्याच्या कचेरीतून आली, बूट काढत होती. मी विचारलं, "चौथ्या गाण्यात शेवटी कोण आहे?"

एक बूट हातात तसाच.

"तुला कळलं?"

"माझ्या कानांना विचारतेस? पंचवीस वर्षं त्या श्वासाशेजारी झोपले मी!"

"आई, तू समजतेस तसं नाही ते—"

"मग कसं आहे? बाप धापा टाकतोय आणि लेक माइक लावतेय. का, तर गाण्याला शेवट हवा! त्यांना विचारलंस? मला विचारलंस?"

वाटलं होतं भांडेल. भांडायला ती मला कधी हार गेलेली नाही. हे म्हणायचे, दोन वकिलांच्या मध्ये मी एकटा अशील. पण नाही. दुसरा बूट काढला, दोन्ही नीट जोडून ठेवले आणि म्हणाली, "काढून टाकते."

बस्स! बाजू मांडणं नाही, रडणं नाही. चोरी इतक्या झटपट कबूल होते याचाच जास्त राग आला. परक्याने केलं असतं तर कोर्टात खेचलं असतं. पोटच्या पोरीने केसाने गळा कापला, आता दाद कुणाकडे मागू?

८ फेब्रुवारी

आणि नाव 'गाळ'. बापाचा शेवटचा श्वास गाळात!

९ फेब्रुवारी

ती मैत्रिणीकडे राहायला गेली. "थोडे दिवस." गिटार नेली. स्वेटर विसरली. विसरू दे.

११ फेब्रुवारी

संध्याकाळी बँडमधला ड्रमवाला आला. लिफ्ट दुरुस्त करतो. सगळे त्याला हत्ती म्हणतात. आमचा सोफा त्याला बघूनच कण्हतो.

"काकू, रागावणार असाल तर आधी रागावून घ्या. मग बोलतो."

"बोल."

"तिने सगळ्यांना सांगितलं, चौथ्या गाण्याचा शेवट कापा. कंपनी म्हणाली, माल दुकानात गेलाय, आता परत बोलावणं नाही. गायक म्हणाला, तोच तर आपला सगळ्यात चांगला तुकडा. त्यावर ही म्हणाली, तो असेल तर मी नाही."

"मग?"

"मग तो म्हणाला, जा. गेली." हत्तीने चहात बिस्कीट बुडवलं. ते तुटून तळाला गेलं तरी त्याचं लक्ष नव्हतं. "काकू, 'गाळ' म्हणजे तीच आहे. अर्ध्याहून जास्त चाली तिच्या. आम्ही नुसते बडवणारे."

"चोरलेल्या श्वासावर उभा असलेला अल्बम पडलेलाच बरा," मी म्हटलं.

"चोरलेला कसा? घरातलाच आवाज आहे म्हणाली. माइक मीच आणून दिला होता. ऑगस्टात."

ऑगस्टात! हे जूनमध्ये गेले. हत्तीला बारा महिने ओळीने म्हणता येतात की नाही, शंकाच आहे. त्याला दारापर्यंत सोडलं. जाताना म्हणतो कसा, "काकू, तिचा स्वेटर द्या ना. तिला थंडी फार." दिला.

१२ फेब्रुवारी

झोप नाही. सकाळी तिच्या कचेरीत फोन केला.

"माइक कधी आणला होतास?"

"आई, सोड ना. मी बाहेर पडलेय त्यातून. झालं की तुझ्या मनासारखं."

"मी काय विचारलं? कधी?"

तिने आवाज खाली आणला.

"ऑगस्टमध्ये."

"ऑगस्टमध्ये तुझे बाबा कुठे होते?"

"आई, प्लीज. तो बाबांचाच आहे असं समज. शिव्या घाल मला. पण पुन्हा ऐकू नकोस." आणि फोन ठेवला! माझ्यावर फोन ठेवायची हिंमत तिने आजवर केली नव्हती.

आता नवं खोटं. आधी चोरी, वर बनवाबनवी. ऐकू नको म्हणे! मी काय कुकुलं बाळ आहे?

१३ फेब्रुवारी

ऐकलं. तीनदा.

मशीन आपल्याच घरातलं, भाड्याचं. ते मी सप्टेंबरात परत दिलं. तोवर रविवारी दुपारी मी ते सुरू करून ह्यांच्या खुर्चीत झोपायचे — घर फार गप्प वाटायचं म्हणून. कुणाला कळलं नाही, असं समजत होते.

ऑगस्टात या घरात श्वास घेणाऱ्या आम्ही दोघीच होतो. आणि माइक तिच्या हातात होता.

ह्यांचं ते थांबणं माझ्यात कधी आलं?