डाव्या बाजूचा हुक

प्रिय पार्सलबाई,

बिलावर मी लिहिलंय: पुढचे हुक दोन, जाड पोलादी पट्ट्या दोन, बोल्ट आठ, आणि मजुरी. खरा खर्च बिलावर येत नाही. ड्रिलचं एक पातं मोडलं, उजव्या हाताच्या दोन बोटांची सालं गेली, फोरमनच्या मनातली माझी किंमत एक पायरी खाली आली, आणि ज्या माणसाचा मी इतकी वर्षं न पाहता मनसोक्त राग केला त्याला समोर पाहावं लागलं. यातला शेवटचा खर्च सगळ्यांत मोठा. न पाहिलेल्या माणसाचा राग करणं फार सोपं असतं. तो आपल्या सोयीने टकला असतो, कंजूष असतो, घरात कुणाशी धड बोलत नसतो. तुझा नवरा भरघोस केसांचा निघाला, आणि बोलका तर इतका, की त्याला थांबवायला माझ्याकडे हत्यार नव्हतं.

हो, मीच. ‘खटपट गॅरेज’चा मालक म्हणजे तोच, तू खिडकीवर बसायचीस त्या ट्रान्सपोर्ट कंपनीच्या पार्सल ऑफिसात हातगाडी ढकलणारा आणि मधल्या वेळात बंद पडलेल्या ट्रकच्या पोटात डोकं खुपसणारा. तू खटपट्या म्हणायचीस. पुढे स्वतःची पाटी लावायची वेळ आली तेव्हा दुसरं नाव सुचलंच नाही. ज्यांना डोंगरात, चिखलात, नदीच्या वाळूत गाड्या घालायचा नाद आहे ती सगळी मंडळी आता त्या पाटीखाली येतात. ही फुशारकी नाही असं लिहिणार होतो, पण फुशारकीच आहे: पुढच्या हुकांचं काम म्हटलं की जाणती माणसं माझं दार सोडून दुसरं ठोठावत नाहीत. तूही नाही ठोठावलंस. त्याबद्दल पुढे लिहितो.

सोमवारी सकाळी तो आला तेव्हा मला काही ठाऊक नव्हतं. एक उंच माणूस, बाहीला जुनं वाळलेलं पीठ, हातात पावाची पिशवी. गाडीतून उतरला तोच आमच्या पोरांना पाव वाटत. मला म्हणाला, दादा, घरून हुकूम आहे, पुढे ओढायचे हुक नीट बसवून घ्यायचे, तेही इथेच. नाहीतर पुढच्या वेळी ती गाडीत बसणार नाही. मी हसलो. अशा हुकमांवरच आमचा धंदा चालतो. मग मी वाकून बंपरखाली पाहिलं आणि हसू गेलं.

तुला कदाचित त्याने सांगितलं नसेल, म्हणून सांगतो. त्या गाडीला पुढे कंपनीने एक वाकवलेली सळई दिलेली असते. गाडी ट्रकवर चढवून नेताना जागची हलू नये म्हणून ती बांधायला. दिसते हुकासारखी, म्हणून भले भले फसतात आणि रुतलेली गाडी ओढायला तिलाच पट्टा लावतात. तुम्हीही गेल्या वेळी लावलात. सळई निम्मी उघडली होती. ती तुटली असती तर ताणलेला पट्टा तिला घेऊन असा सुटला असता, की वाटेत लोखंड असो वा माणूस, त्याने पाहिलं नसतं. मी विचारलं, ओढताना वाटेत कुणी उभं होतं का. तो कौतुकाने म्हणाला, बायको होती ना, ती खाली उतरून हात करते, डावीकडे घ्या, उजवीकडे घ्या, तिच्यामुळेच तर निघतो आम्ही. त्या अनोळखी बाईसाठी मला तेव्हाच घाम फुटला. येत्या रविवारी पुन्हा त्याच वाळूत जायचंय, आणि ती पुन्हा तशीच उभी राहणार, हेही त्याने सांगून टाकलं.

त्याने बाजारातून लाल चकचकीत हुक आणले होते, बंपरला लावायचे. मी म्हटलं, साहेब, बंपर म्हणजे गाडीचा चेहरा. बुडणाऱ्याला कुणी गाल धरून ओढत नाही, कंबर धरून ओढतात. गाडीची कंबर म्हणजे तिची चासी, खालच्या दोन लांब पोलादी दांड्या. त्या दांड्यांच्या टोकांना जाड पट्ट्या बोल्टने आवळायच्या, त्या पट्ट्यांना हुक, आणि ओढताना दोन्ही हुकांना मिळून भार द्यायचा. लाल हुक त्याने निमूट परत पिशवीत टाकले. हटूनही बसला नाही. मला तेव्हा तो आवडला होता, हे नोंदवून ठेवतो, कारण पुढच्या दहा मिनिटांत ते संपलं.

मी गाडीखाली सरपटलो. खालून माणसाचे फक्त बूट दिसतात, आणि बूट खोटं बोलत नाहीत. तपकिरी, पिठाने पांढरट झालेले. त्यांच्या नाडीला गाठ होती, दोन फेरे, मधून उलटा वळसा, आणि उरलेलं टोक आत दडवलेलं. पार्सलबाई, तशी गाठ जगात एकच बाई मारते. त्या गाठीचे खोके मी हजारांनी ट्रकात चढवले. ट्रक उलटला तरी खोका फुटायचा, गाठ सुटायची नाही. मी खालूनच सहज आवाजात विचारलं, नाडी छान बांधलीय, कुठे शिकलात. तो म्हणाला, छे हो, माझी पाठ धरलीय, वाकता येत नाही, ती बांधून देते रोज पहाटे.

रोज पहाटे.

त्यानंतर माझ्या हातात पाना होता की लाटणं, मला सांगता आलं नसतं. माझे कान तुला ठाऊक आहेत. इंजिनाच्या आवाजावरून मी बेअरिंग सांगतो. त्या दिवसापासून ते सगळे कान त्या माणसाच्या तोंडाला लागले. काम दोन दिवसांत झालं असतं, पण एक भोक जुळेना, पट्टी पुन्हा करून आणावी लागली, आणि खरं सांगायचं तर मी घाई केली नाही. त्याची बेकरी, भट्टी पहाटेची, त्यामुळे दुपारी तो मोकळा. रोज यायचा, बंपर उतरवलेल्या जागेसमोर स्टूल टाकून बसायचा आणि सांगत राहायचा. तुला आता चष्मा लागलाय आणि तू तो गळ्यात दोरीने अडकवतेस. धूळ कितीही उडो, तुझ्या बाजूची काच खालीच असते. तो लांबण लावायला लागला की तू ‘हं, पुढे’ म्हणतेस. ते ऐकून माझ्या बोटाचं साल गेलं. ‘हं, पुढे’ हे खिडकीवरच्या रांगेला म्हणायचीस, आणि रांग संपली की मला. माझ्याकडे तेवढीच एक गोष्ट होती. तीही तू घरी घेऊन गेलीस हे मला माहीत नव्हतं.

मी त्याच्यात खोट शोधली. पोरांना विचारलं, तर पोरं त्याच्या पावावर विकली गेलेली. फोरमनला विचारलं, तर तो म्हणाला, शेठ, असं गिऱ्हाईक देवाने रोज द्यावं. शेवटी एक खोट सापडली: तो बेसूर गुणगुणतो. त्या एका बेसूरपणावर मी दोन दुपारी काढल्या. पण तिसऱ्या दिवशी त्यानेच सांगितलं, माझा गळा भयंकर आहे, ती म्हणते बेकरीतली मांजरंसुद्धा उठून जातात. आणि तो असा खळखळून हसला की माझी तीही शिल्लक गेली. स्वतःची खोट स्वतःच सांगणाऱ्या माणसाचं काय करायचं? आणि वर तो मला दादा म्हणतो, तेव्हा रीतीप्रमाणे तू माझी वहिनी. ‘वहिनींना सांगा, काम पक्कं होतंय’ असं मला माझ्या तोंडाने म्हणावं लागलं. तो शब्द उच्चारायला जेवढा जोर लागला तेवढ्यात गंजलेला बोल्ट निघतो.

मात्र एका गोष्टीवर मी दिवसभर जगायचो. घरून हुकूम आहे, इथेच जा. तू पाटी वाचली असशील, मालक कोण हे ओळखलं असशील, आणि शंभर गॅरेजं सोडून नवऱ्याला माझ्याकडे धाडलं असशील. का, हे मी ठरवलं नव्हतं. कदाचित मी कुठवर आलो ते पाहायला. कदाचित जिवावरचं काम असलं की माणूस भरवशाचाच हवा म्हणून. त्याची गाठ असेल, पण भरवसा माझा, असा हिशेब मी रोज जेवताना मांडायचो आणि दोन घास जास्त खायचो.

आता कामाचं. आमच्याकडे एक रीत आहे, मीच पाडलेली. जो बोल्ट आवळतो तो त्याच्या डोक्यावरून पट्टीपर्यंत पिवळ्या रंगाची सलग रेघ ओढतो. बोल्ट पुढे कधी फिरला तर रेघ तुटलेली दिसते. मग दुसरा माणूस येतो, पुन्हा पाना लावून ताण पाहतो आणि शेजारी पांढरी रेघ ओढतो. दोन माणसांच्या दोन रेघा नसतील तर गाडी फाटकाबाहेर जात नाही, मग ती मंत्र्याची असो. हे मी त्याला कौतुकाने समजावलं होतं. म्हटलं, रेघ पाहा आणि निश्चिंत राहा. पण या गाडीला मी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. पिवळी मी ओढणार आणि पांढरीही मीच. फोरमनने आडून विचारलं, शेठ, आज रंगपंचायत एकट्याचीच का. मी त्याला दुसऱ्या गाडीकडे पिटाळलं.

उजवी बाजू मी अशी आवळली की हत्तीने ओढावी. मला चारही बोल्ट आठवतात, ताण पुरा झाला की पाना करतो ती टिकटिक आठवते. मग डावीकडे सरकलो. पहिला बोल्ट झाला, दुसरा झाला. वर तो गुणगुणायचा थांबला आणि म्हणाला, दादा, आमचं लग्न ठरलं तेव्हा हिने आधीच सांगून टाकलं होतं बरं का, पार्सल ऑफिसात तिचा एक जण होता. माझा पाना तिसऱ्या बोल्टवर होता. मी म्हटलं, अच्छा. तो म्हणाला, मी विचारलं तिला, कसा होता.

“मग काय म्हणाल्या?”

“म्हणाली, बरा होता. कामात असायचा.”

एवढंच. वर पाव खाणाऱ्या पोरांचा आवाज चालू होता, कुणीतरी हवेचा पंप लावला होता. त्याला सगळं माहीत होतं की नाही, ते बुटांवरून कळलं नाही. बूट जागचे हलले नाहीत. त्यानंतर मला आठवतं ते एकदम मी उभा राहून ब्रश रॉकेलमध्ये धुतोय, इथून. मधलं काही आठवत नाही. बंपर चढला, त्याने माझा हात दोन्ही हातांत धरून हलवला आणि गाडी गेली. बरा होता, कामात असायचा. यात चूक काय आहे सांग? एक शब्दही खोटा नाही. मी रागवावं असंही त्यात काही नाही. त्याच्याबद्दल कुणी विचारलं तर तू एवढ्यात आटपशील का, एवढंच मनात येत राहिलं.

आज सकाळी आंघोळ करताना तिसऱ्या आणि चौथ्या बोल्टची टिकटिक आठवायला गेलो, आणि ती नाही. मी तसाच ओल्या केसांनी त्याला फोन केला. म्हटलं, गाडी घेऊन या, डावी बाजू पुन्हा पाहायचीय. तो हसायला लागला. म्हणाला, दादा, मी वाकता येत नाही तरी वाकून पाहिलंय, आठही बोल्टांवर दोन-दोन रेघा आहेत, तुम्हीच म्हणालात रेघ पाहा आणि निश्चिंत राहा. रेघा आहेत, पार्सलबाई, हीच तर पंचाईत आहे. माझ्या हाताने सवयीने रेघा ओढल्या असतील. त्याआधी आवळलं की नाही ते त्या हाताला माहीत नाही. हे मी त्याला फोनवर सांगू शकलो नाही, कारण मग का, हेही सांगावं लागलं असतं. म्हणून हे पत्र. त्याचा माझ्यावर विश्वास आहे. तुझा तेवढा नसेल, म्हणून तुला लिहितोय. पत्र घेऊन आलेला माणूस माझा फोरमन. त्याच्या पिशवीत पाना आणि दोन्ही रंग आहेत. त्याला गाडीखाली जाऊ दे, आणि तो बाहेर येऊन ‘झालं’ म्हणेपर्यंत चावी तुझ्याकडे ठेव. मी स्वतः आलो असतो, पण तू दारात उभी असशील, मग माझे कान पुन्हा हातांच्या आड येतील. आणि रविवारी गाडी ओढताना पट्ट्याच्या आसपास उभी राहू नकोस. हात लांबूनही करता येतो.

तुझाच,
खटपट्या

ता.क. फोन ठेवता ठेवता न राहवून मी त्याला विचारलं, वहिनींनी आमचंच गॅरेज कसं सांगितलं. तो म्हणाला, बेकरी सोमवारी बंद असते, आणि सोमवारी उघडं असणारं गॅरेज तुमचं एकटंच आहे.