एकट्या बाईला खोली

२ जून १९५८, जालना

आजही नाही! सदर बाजारात गिरिधरशेठच्या माडीवर दोन खोल्या रिकाम्या. मला पाहून म्हणाले, "मालकाला घेऊन या, बाई." मालक वारले म्हटलं. त्यांनी कपाळाकडे पाहिलं. "मंग न्हाई जमायचं." मुलींच्या शाळेत नोकरी लागलीय म्हटलं, तर हसले.

३ जून

दोन दारं. दोन्हीकडे तेच.

५ जून

कादराबादेत रमाबाईंचं घर. खोली हवेशीर. चहा दिला, मायेनं बोलल्या. वाटलं, झालं काम! मग हळूच — "थोरलं माणूस सोबत असतं तर बिलकुल दिली असती. एकट्या बाईकडं कोण येतंय, कोण जातंय, आम्ही कुठं बघत बसावं?"

कप खाली ठेवला. त्यांच्याच पलीकडच्या खोलीत एक मास्तर एकटा राहतो. त्याच्याकडे कोण येतं, ते कोण बघतं?

८ जून

उषाबाई माझ्याच शाळेतल्या. खोली मिळेपर्यंत त्यांच्याकडे उतरलेय. आज त्यांचे यजमान मला ऐकू जाईल असं बोलले — "अजून किती दिवस हे?" उषाबाई मान खाली घालून भाकरी थापत राहिल्या. त्यांचा राग येत नाही. येतो. थोडा येतो.

परतूरला सासरी परत जाऊ? कुठल्या तोंडानं! गजाननभावजींनी बजावलं होतं, "वहिनी, नोकरी करायची तर या घरात पुन्हा पाऊल न्हाई टाकायचं." आणि सासूबाई? खांबाला टेकून उभ्या. एक शब्द नाही! हे गेले त्या रात्री आम्ही दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडलो होतो. भावजींना एक वेळ माफ करीन. सासूबाईंना नाही.

१० जून

एकानं काल "हो" म्हटलं होतं. आज सामान आणू का विचारायला गेले, तर बायको दारातून — "दिली दुसऱ्याला." खोलीचं दार सताड उघडं, आत कुणी नाही.

११ जून

दुपारी दार वाजलं. सासूबाई! जन्मात एकट्या गाडीत बसल्या नाहीत, त्या परतूरहून एकट्या आल्या, शाळेत माझा पत्ता विचारत. पायाशी ट्रंक.

"गजाननला सांगून आले. म्हटलं, मी सुनेकडं चालले."

मी दारातच उभी.

"अशी बघून काय राह्यलीस? एकटीला कोण देतंय खोली? चल, जल्दी कर."

त्या दिवशी गप्प का राहिलात — विचारायचं होतं. विचारलं नाही. ट्रंक जड होती. एक कडी त्यांनी धरली, दुसरी मी.