सातव्या भागानंतरचा कोल्हा

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून हे पत्र. बातमी अशी की ‘धुक्याची नदी’ सापडली! आपल्या लहानपणी दर रविवारी सकाळी लागणारी ती कार्टून मालिका सगळीच्या सगळी इंटरनेटवर आहे. मी आणि टिकली सवड मिळेल त्या संध्याकाळी जेवणाआधी एकेक भाग बघतो. तिची आई म्हणते, घरात आता दोन आठ वर्षांची मुलं आहेत.

मी ती कधी पाहिलीच नव्हती. मी प्लास्टरमध्ये ओंडक्यासारखा पडलेलो आणि टीव्ही खालच्या मजल्यावर शिंपीणकाकूंकडे. तू बघून यायचीस आणि खाटेच्या कडेला बसून सांगायचीस. मला वाटलं, या वयात बघताना ते सगळं बाळबोध वाटेल. छे! सावली हरवलेली मुलगी नदीकाठी येते आणि एका कानाचा नावाडी कोल्हा तिला होडीत घेतो, तिथेच मी गार. ताई, त्या होडीच्या फळ्या बघ. मी जन्मभर लाकूड तासणारा माणूस, माझी नजर आधी तिकडेच जाते. चित्रकाराने लाकडाच्या रेषा फळीच्या अंगानेच ओढल्यात आणि पाण्यात राहणारा भाग जरासा काळवंडलेला दाखवलाय. कोण बघणार होतं हे? तरी केलंय. आणि मुलगी रडते तेव्हा कोल्हा उपदेश करत नाही, नुसती वल्ही थांबवतो. मोठी माणसंसुद्धा इतकं शहाणपण दाखवत नाहीत.

माझे सासरे गेल्यापासून टिकली मिटल्यासारखी झाली होती. आजोबांचा विषय निघाला की उठून जाते. दवाखान्यात आम्ही तिला नेलं नाही, नंतर धड काही सांगितलंही नाही. पण परवा ती आपणहून म्हणाली की कोल्हा आजोबांसारखाच खोकतो. होडी वादळात सापडली तेव्हा ती घाबरली, म्हणून मी सांगून टाकलं की कोल्ह्याला काही होत नाही, हवं तर आत्याला विचार.

लोभ आहेच, तो वाढत ठेव.

तुझा
ढब्बू


९ मार्च

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद.

या वयाच्या माणसाला ढब्बू म्हणणारी मी एकटीच उरले आहे, तेव्हा ही पदवी मी सोडणार नाही. पत्र मिळालं. मी उत्तरपत्रिकांच्या ढिगाखाली आहे. एका पठ्ठ्याने त्रिकोणाला चार कोन काढून दाखवलेत, आणि चौथ्याचं मापही दिलंय.

मालिका तुला आवडली याचा आनंद झाला. वादळ पाचव्या भागात आहे, म्हणजे तुम्ही फार पुढे गेला नसाल. एक ऐक. सातवा भाग टिकलीला दाखवण्याआधी तू एकटा बघ. का, ते बघितलं की कळेल. आणि कोल्ह्याच्या वतीने तिला आणखी वचनं देत सुटू नकोस.

पोरीला गोड पापा. तुझ्या पाठीला जप, वजन उचलायला माणसं ठेवली आहेस ना?

तुझी
ताई


१३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आज हातात पडलं. सातवा भाग आम्ही काल बघितला.

काय झालं ते तुला माहीत आहे, हे आता कळतंय. तरी लिहितो. पूल तुटतो. सगळे प्राणी पलीकडे जाईपर्यंत कोल्हा दोर मनगटाला गुंडाळून धरतो. शेवटचं पिल्लू काठाला लागतं आणि होडी त्याच्यासकट धुक्यात जाते. संगीत नाही, किंकाळी नाही. मुलगी काठावर बसून त्याच्या टोपीतलं पाणी ओतते, एवढंच. इतकं सुंदर आणि इतकं कठोर काही मी पडद्यावर पाहिलेलं नाही.

टिकलीने टीव्हीकडे पाठ केली आणि मला म्हणाली की तुम्ही सगळे खोटं बोलता. सगळे, म्हणाली. मग जी रडायला लागली ती थांबेचना. आजोबा गेले तेव्हासुद्धा ती अशी रडली नव्हती. मी आपला म्हणत राहिलो की पुढच्या भागात येईल तो परत. जेवली नाही, माझ्याशी बोललीही नाही.

आज मी दुकान अर्धा दिवस बंद ठेवून उरलेले भाग एकट्याने पळवत पळवत पाहिले. कोल्हा येत नाही. बरं, तोच नाही असं नाही. काचेचं जंगल कुठाय? मुकी राणी कुठाय? कोल्ह्याचा पाय मोडतो आणि तो खाटेवर पडल्या पडल्या पोपटांकरवी अख्खं राज्य चालवतो, ते कुठाय? ताई, आठव्या भागापासून तू सांगितलेलं एक अक्षरही या मालिकेत नाही. तू बघत तरी काय होतीस?

लवकर लिही.

ढब्बू


१८ मार्च

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद.

काही बघत नव्हते. सातव्या भागानंतर मी शिंपीणकाकूंकडे ती मालिका बघायला पुन्हा गेलेच नाही.

त्या रविवारी जिना चढून वर आले तर दारातच तुझा प्रश्न आला की कोल्हा पोचला का. तुझं दुसरं ऑपरेशन महिन्याभरावर आलं होतं. आई भिंतीकडे तोंड करून कपड्यांच्या घड्या घालत होती, आणि त्याच त्या घड्या पुन्हा मोडत होती. मी म्हणाले, पोचला, चिंब भिजलाय आणि शिंकतोय. तू हसलास. मग पुढे काय सांगणार? आणि खरं तर मलाही त्याच्याशिवायची नदी बघवत नव्हती.

पुढच्या रविवारपासून मी गच्चीच्या जिन्यावर बसायचे आणि अर्ध्या तासात एक भाग रचायचे. काकूंना ठाऊक होतं. वर तुला शीर्षकगीत ऐकू जावं म्हणून त्या टीव्हीचा आवाज मुद्दाम मोठा करायच्या आणि स्वतः कानात कापूस घालून मशीन चालवायच्या. काचेचं जंगल त्यांचं आहे. त्यांच्याकडच्या बटणांच्या बरण्यांमधून निघालेलं. बाकी सगळं माझं. निबंधात मला काठावर पास करणाऱ्या बाईंना हे कळायला हवं होतं!

पण टिकलीला माझा कोल्हा देऊ नकोस. मी तेव्हा बारा वर्षांची होते, मला सुचलं ते केलं, आणि त्याचा मला पश्चात्तापही नाही. तू तिचा बाप आहेस. तिला आधी विचार, तिला काय हवंय ते.

माया तर आहेच, हे सांगायलाच हवं का?

ताई


२६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी टिकलीला मोठ्याने वाचून दाखवलं. कोल्ह्याच्या शिंकेला ती हसली. मग बराच वेळ सोफ्याची शिवण उसवत बसली आणि म्हणाली की आत्याची गोष्ट बाबांच्या ऑपरेशनसाठी होती, माझं काही ऑपरेशन नाही. आणि त्याच दमात विचारलं की आजोबांना दुखलं का.

ताई, मला विषय बदलावासा वाटला. पण सांगितलं. छातीत दुखलं, फार वेळ नाही. तिची आई जवळ होती, तिने त्यांचे पाय चोळले, ते दोनदा टिकलीचं नाव घेऊन गेले. तिने विचारलं, मग मला का नाही नेलं. मी म्हणालो, आम्ही घाबरलो होतो. त्यावर ती दोन दिवस आमच्या दोघांवर रुसली, आणि तो रुसवा आम्ही मुकाट्याने सोसला. तिसऱ्या दिवशी म्हणाली, आजोबांच्या घरी जायचंय. तिथे त्यांच्या पलंगावर दुपारभर गाढ झोपली आणि उठून आजीशी त्यांच्याबद्दल इतकं बोलली की आजीच्या डोळ्यांना धार लागली, आणि हसणंही थांबेना.

परत आल्यावर तिनेच आठवा भाग लावायला सांगितला. त्यात मुलगी स्वतः वल्ही हातात घेते आणि होडी गोल गोल फिरते. किती वेळ फिरते! दुसऱ्या कुणी तिला लगेच पट्टीची नावाडी करून टाकलं असतं. या लोकांनी तिला चुकू दिलं.

तरी खरं सांगू? मला खाटेवरून राज्य करणारा कोल्हाच लागत होता. तो नसता, तर मी त्या ऑपरेशनला हसत गेलो नसतो. तू दोन महिने जिन्यावर बसून मालिका रचलीस आणि मला पत्ता लागू दिला नाहीस! गणिताच्या बाई, दंडवत.

शेवटचा भाग आम्ही ठेवून दिलाय. तू ये. टिकलीचा हुकूम आहे.

ढब्बू


१२ एप्रिल

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचले. गाडीत जागा चांगली मिळाली, तुझ्या बायकोने बांधून दिलेलं सगळं संपवलं.

शेवटच्या भागाबद्दल आता लिहिते. इतक्या वर्षांनी नदीचा पलीकडचा काठ बघितला. मुलगी सावली परत मागतच नाही, ती नदीवरच ठेवून देते, दुसऱ्या कुणाला धुक्यात त्या खुणेने काठ दिसावा म्हणून. मला जिन्यावर बसून असलं काही सुचलं नव्हतं. कुणी केलंय कोण जाणे, पण त्या माणसांना भेटावंसं वाटलं.

एक गोष्ट तुला माहीत नाही. भाग सुरू होण्याआधी टिकली मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. हळूच कबूल केलं की तिला धीर निघाला नाही, तिने आदल्याच दिवशी आईबरोबर शेवट बघून टाकलाय, बाबांना सांगू नकोस. मग विचारलं, आत्या, शेवट बघून तुला वाईट वाटणार असेल तर मी तो थोडा बदलून आधीच सांगू का? म्हणाली, मला चांगलं जमेल.

मी म्हणाले, नको ग, आहे तसाच बघू दे.

ती म्हणाली, बरं, मग माझ्या शेजारी बस.

तुम्हा तिघांना पोटभर माया. पत्र लिहीत जा, फोनवर तू फार अघळपघळ बोलतोस.

तुझी
ताई