खिळ्यांचं गाऱ्हाणं

मालवण, १८ नोव्हें. १९५८
पुन्हा खिळे कमी. अक्षरांच्या पेटीतला 'र'चा खण रिकामा. 'र'शिवाय मराठी छापून दाखवा कुणीतरी! भावोजी म्हणतात, "तुम्हीच कुठे सांडले असतील." ताईचा नवरा म्हणून भागीदार करून घेतला, ही बुद्धी मला कुठून झाली? खाऱ्या वाऱ्याने यंत्र गंजतं म्हणून या गृहस्थाने काल त्याला खोबरेल चोपडलं. सगळं चिकटून बसलं. सकाळभर रॉकेलने पुसत होतो.

२० नोव्हें.
भा. नी कुलूप आणलं, नारळाएवढं. ओटीवरच्या छापखान्याच्या पुढच्या दाराला. मागच्या दाराला सुंभ बांधतो, तो तसाच. विचारलं तर, "मागून कोण येणार? घरचीच माणसं." धन्य.

२२ नोव्हें.
आज जत्रेच्या पत्रिकेचा खिळ्यांनी जुळवलेला मजकूरच गेला. सुतळीने बांधून फळीवर जपून ठेवायचो, दर वर्षी तारीख तेवढी बदलायची. मानकऱ्यांच्या नावांचा क्रम गेल्या वर्षी डोकी फुटून ठरला होता, तो त्यातच. छापील प्रत एक राखली होती, तिच्यात भा. नी भजी बांधून आणली. आता कुणाचं नाव आधी? जत्रा तोंडावर. हे काम गेलं तर देवस्थान सावंतवाडीला छापून घेईल आणि आमचं दुकान बंद. बंद म्हणजे बंदच.

२३ नोव्हें.
पोलीस चौकी. हवालदार : "खिळे चोरीला? किती इंची?" म्हटलं, शिशाचे, अक्षरांचे, छपाईचे. त्याने लिहून घेतलं : सुतारकामाचे खिळे. सही करून आलो. वाद घालायचा कुणाशी?

२५ नोव्हें.
भा. ची अक्कल आणखी पुढे धावली. देवापुढे साकडं घालणारा घाडी बोलावून चोरावर गाऱ्हाणं घातलं. दारात नारळ, अगरबत्ती, अर्धी वाडी गोळा. घाडी : "जेणा कोणी हे खिळे नेल्यान, तेका दर्यान थारो देंव नये, म्हाराजा!" सगळे : "व्हय म्हाराजा!" गिऱ्हाइकं दुखावू नयेत म्हणून मीही हात जोडून उभा. तोंड आवळून हसू दाबलं. चोर असल्या आरडाओरड्याने सापडला असता तर चौक्या कशाला हव्यात? पण त्या हवालदारापेक्षा घाडी बरा, हेही खरं.

२७ नोव्हें.
बांगडे आणायला किनाऱ्यावर, बाबल्याकडे. माझा धाकटा भाऊ. बाबांची होडी त्याने धरली, मी मुंबईला जाऊन खिळे जुळवायला शिकलो. तीन दिवस समुद्रावर होता, काल आला. जाळं सांधत बसला होता. जाळ्याच्या कडेला शिशाच्या गोळ्या, नव्या कोऱ्या. मधेच मथळ्याचा मोठा 'श्री'. वितळवायचेही कष्ट नाहीत, तसाच दोरीला बांधलेला. उलटा श्री. मी झोपेत ओळखीन.
"ह्यां काय रे?"
"शिसां. जाळां बुडाक नको?" मान वर न करता. "तुज्याकडे ढीग आसा. घरातलांच मां?"
घरातलं! मागच्या दाराने येतो, आईच्या हातची पेज पितो आणि जाताना माझा धंदा कनवटीला लावून नेतो. आणि तोंडावर लाज नाही, कारण चोरी केली हेच त्याला ठाऊक नाही. कानाखाली वाजवणार होतो. वाजवली नाही. बांगडेही घेतले नाहीत.

२८ नोव्हें.
गाऱ्हाण्याचं बाबल्याला बाजारात कळलं. होडी वाळूवर ओढून ठेवली. घरी आला तो पांढराफटक.
"दादा, गाऱ्हाणां परत घे. खिळे गावले म्हणान घाड्याक सांग."
म्हटलं, कुठे गावले, कुणाकडे गावले, भावोजी विचारणारच. गावभर तुझं नाव होईल.
"नाव जांव दे, जीव ऱ्हांव दे."
एवढा दांडगा बाप्या, भर वादळातून होडी आणणारा, आणि एका नारळाला भ्यायला! मुंबईत दोन वर्षं काढली असतीस तर शहाणा झाला असतास, असंही बोललो. बराच वेळ बोललो. तो ऐकत होता. मग म्हणाला,
"तुका खोटां वाटता मां? मगे उद्या माज्या वांगडा होडयेत बस. दोघांय जावया."
बसेन की, म्हटलं. त्यात काय?

२९ नोव्हें.
उजाडता उजाडता बाबल्या दारात, खांद्यावर वल्हं. समुद्र अगदी शांत, वाराही नाही. "चल."
म्हटलं, आज जमायचं नाही रे, जत्रेची छपाई आहे.
त्याने माझ्या मागे पाहिलं, रिकाम्या खणांकडे.
"कसल्यान छापतलस?"
मी रिकामा खण उगाच आत ढकलला. वल्हं भिंतीला टेकवून तो ओटीवर बसला. भा. यायची वेळ झाली. अजून बसलाय.