गरम सफरचंदाचा रस, रम न घालता

पिंप्राळा, जळगाव
१२ नोव्हेंबर २०२५

प्रिय समू,

अनेक आशीर्वाद. आम्ही ठीक आहोत. इकडे संध्याकाळी जराशी थंडी वाटू लागली आहे. तुमच्या मनालीत तर शेकोट्या पेटल्या असतील. फोन बाबांच्या उशाशी असतो आणि आपल्या दोन खोल्यांत कुजबुजलेलंही ऐकू जातं, म्हणून हे पत्र.

तू पाठवलेल्या सफरचंदाच्या रसाच्या बाटल्या न फुटता पोचल्या. चिठ्ठीत लिहिलंस तसंच केलं. मंद आच, दालचिनी, लवंगा, एक चक्रफूल, संत्र्याची साल. उकळी फुटू दिली नाही. गॅस बंद केल्यावर पेल्यात रम घालायची, तेवढं सोडलं. वास असा सुटला की मी थेट शाळेच्या बोर्डिंगात जाऊन पोचले. नाताळच्या आधी सिस्टर बर्नाडेटच्या स्वयंपाकघरातून असाच वास यायचा आणि आम्ही मुली प्रार्थनेचे शब्द विसरायचो. शेजारच्या झुंबरअक्का, त्या धुळ्याकडच्या, दारातूनच म्हणाल्या, "कसाना वास शे व माय, बठ्ठी गल्लीमा ई ऱ्हायना." वास सगळ्या गल्लीभर पसरला होता म्हणे. त्यांनाही पेलाभर दिला.

बाबांनी विचारलं, हे काय. समूचं, म्हटलं. हॉटेलात ती हेच करते का, म्हणाले. हेच, वर थोडी रम. मला वाटलं, आता पेला दूर सरकवतील. तू बारच्या काउंटरवर नोकरी धरलीस तेव्हाचं त्यांचं बोलणं तू विसरली नसशीलच: "सकाळी मी मद्यापासून दूर राहण्याचं पाचवं शील म्हणायचं, आणि संध्याकाळी माझ्या लेकीने लोकांचे दारूचे पेले भरायचे?" तू बॅग उचललीस, आणि मी भरलेला डबा ओट्यावरच राहिला.

पण त्यांनी पेला संपवला. रिकामा पेला माझ्या हातात दिला. मग म्हणाले, "हात चांगला आहे पोरीचा. आपण नुसतं रमचंच धरून बसलो."

तेव्हापासून रोज दुपार कलली की मागतात. चिठ्ठीत तू माणशी एक पेला लिहिलं आहेस. आश्विन पौर्णिमेपर्यंत ते तेवढं घ्यायचे. मग अर्धा. मग अर्धी वाटी, फडक्यातून गाळून, कारण दालचिनीचा कणही घशात टोचतो. आता कोमट करून चमच्याने देते. काल दोन चमचे गेले. तिसऱ्याला त्यांनी मान फिरवली.

डॉक्टर काय म्हणतात ते लिहीत नाही. बाबांनी माझ्याकडून वचन घेतलं आहे, तब्येतीचं तुला कळवायचं नाही. आजारपण दाखवून पोरीला बोलवायचं नाही, म्हणतात. यायची तर ती आपणहून येईल. म्हणून मी फक्त रसाचं लिहिलं आहे.

शेवटची बाटली अजून उघडलेली नाही. माझ्या हातचा रस कडवट होतो, असं ते म्हणतात. संत्र्याची साल किती वेळ ठेवायची, ते चिठ्ठी वाचून मला काही नीट कळत नाही. ते समोर करूनच दाखवायला हवं.

दालचिनी संपत आली आहे. येताना घेऊन ये.

दिलेलं वचन मोडलं नाही असं मानणारी,
तुझी आई