उजव्या बाजूचा माइक

बाबा, आज बोईसरला गेलो होतो, आपल्या साउंडच्या मिक्सरचा क्रॉसफेडर बदलायला. तुम्ही त्याला आडवी दांडी म्हणायचात. डावीकडे सरकवली की एक आवाज, उजवीकडे नेली की दुसरा. दुकानदाराने काउंटरवर दोन ठेवल्या. एक फुंकरीनेही पळेल अशी सैल, दुसरी सरकारी कचेरीतल्या फायलीसारखी जड. पाहूनच दमलो. इतक्या वर्षांनी तोच वाद, आणि भांडायला समोर तुम्ही नाही.

पालघरकडच्या लग्नांत डीजे म्हणजे दोन टेपरेकॉर्डर आणि भरपूर माज, असे ते दिवस. माज माझा. मिक्सरच्या डाव्या बाजूला माझ्या कॅसेटी आणि उजव्या बाजूला तुम्ही जोडलेला, लग्नात धवले गाणाऱ्या म्हाताऱ्या धवलारणीचा माइक. "हळदीला देव ती बोलावते, कॅसेट नाय," असं तुमचं म्हणणं. दातिवऱ्याच्या एका हळदीत, खाऱ्या हवेने खाल्लेली दांडी खरखरली आणि म्हातारीचा धवला मध्येच बुडाला. तिने माइक खाली ठेवला. "लाउडस्पीकरवाल्या, तुज्या डब्यानं माजा गला गिलला रं! आता त्यालाच हलद लाव." मांडव हसला. तुम्ही हसला नाहीत. तिने पुन्हा आपला माइक धरला नाही, तर किनाऱ्यावरचं एकही घर आपल्याला बोलावणार नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी आपण याच दुकानात. "ये लो, एकदम मक्खन. उंगली लगाओ और कट," दुकानदार सैल दांडी माझ्यापुढे नाचवतोय. मला तीच हवी. तारापूरच्या कॉलनीतली पोरं तबकडी पुढेमागे घासून नाव कमावत होती. तुम्ही मात्र डोळे मिटून, वाडीतला चिकू पिकलाय का बघावं तशा, दोन्ही दांड्या करंगळीने चाचपताय.

"ही जड द्या."

"बाबा, हिच्यावर कट बसत नाही, गाणं झटक्यात तुटत नाही."

"म्हणूनच. म्हातारी तोंड उघडते तवा गाण्याला हाकलायचं नसतं. त्यानं उठून जागा द्यायची असते."

परतीच्या वाटेवर मी सालवडपर्यंत तोंड फुगवून बसलो. पुढच्या हळदीत तिने माइकवर फुंकून पाहिलं, तुमच्याकडे संशयाने बघितलं आणि गायली. कॅसेट हळूहळू मागे सरकत तिच्या पाठीशी जाऊन बसली. उठताना एवढंच म्हणाली, "डबा शिकला वाटतं." त्या एका वाक्यावर तुम्ही पुढचा सगळा लग्नसराईचा मोसम काढलात.

आता धवलारीण कोणी बोलावत नाही. "म्हातारी कशाला? मोबाइलवर सगळं मिळतं," यजमान सांगतात. खरंच आहे, मोबाइल टोमणा मारत नाही. उजव्या बाजूला कित्येक वर्षांत काही जोडलेलं नाही. तरी मी जडच दांडी घेतली. हा कागद पाठवायला पत्ता नाही, म्हणून तिच्या रिकाम्या खोक्यात ठेवतोय.

आणि एक सांगून टाकतो. हळदीला मी अजूनही एकदा दांडी पार उजवीकडे नेतो. मांडव गप्प होतो. लोकांना वाटतं, मशीन बिघडलं. मी वाकून वायर तपासल्यासारखं करतो.